जीव लावलेल्या कुत्र्यासाठी नवं घर शोधताना

कुत्रा दुसऱ्या घरी द्यायचं ठरलं की नातेवाईक, शेजारी, बागेत रोज भेटणारी मंडळी, सगळे एकच विचारतात, ‘कसं काय देववतं तुम्हाला?’ त्या घरात काय चाललंय हे विचारणाऱ्याला माहीत नसतं. आई अंथरुणाला खिळलेली असते. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परततात. आणि दोन खोल्यांच्या घरात पस्तीस किलोचा जर्मन शेफर्ड दिवसभर दाराशी बसून जिन्यातल्या प्रत्येक पावलावर भुंकत असतो. अशा बऱ्याच घरांना मी या कामात मदत करत आले आहे, म्हणून ठामपणे सांगते: वेळ देऊन, पारखून, योग्य माणसांच्या हाती कुत्रा सोपवणं ही त्याची काळजी घेण्याचीच एक रीत आहे. बिघडतं ते घाईमुळे आणि लपवाछपवीमुळे. दिलेला कुत्रा महिन्याभरात परत येतो किंवा तिसऱ्या-चौथ्या घरी फिरत राहतो, तेव्हा मागे बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक कारण निघतं.

देणं खरंच गरजेचं आहे का?

काही अडचणी कुत्रा न देताही सुटतात. सोसायटीनं नोटीस लावली म्हणून घाबरून कुत्रा देणारे बरेच आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. त्याची प्रत कमिटीला द्या, आणि त्याच वेळी भुंकण्याची किंवा आवारातल्या घाणीची तक्रार खरी असेल तर तीही मनावर घ्या.

घरात बाळ येणार म्हणूनही कुत्रा द्यायची घाई होते. टॉक्सोप्लाज्मा या परजीवीची भीती घातली जाते, पण त्याचा संबंध मुख्यतः मांजराच्या विष्ठेशी आणि कच्च्या मांसाशी आहे. कुत्र्याच्या लसी आणि जंताचं औषध वेळेवर झालेलं असेल आणि बाळाजवळ त्याला एकटं सोडणार नसाल, तर बाळ आणि कुत्रा एका घरात छान नांदतात.

आजवर शांत असलेला कुत्रा अचानक गुरगुरायला किंवा चावायला लागला, तर आधी व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. कानातला जंतुसंसर्ग, किडलेला दात, कंबरेचं दुखणं यामुळे गरीब कुत्रासुद्धा अंगाला हात लावू देत नाही. दुखणं बरं झालं की स्वभाव बहुतेक वेळा पूर्ववत होतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. भारतातून युरोपीय संघात किंवा ब्रिटनमध्ये कुत्रा नेता येतो, फक्त तयारी लवकर सुरू करावी लागते. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची अँटिबॉडी तपासणी, आणि ते रक्त घेतल्यानंतर ३ महिने थांबणं. म्हणजे पहिल्या दिवसापासून साधारण चार महिने. ऑफर लेटर आलं त्याच आठवड्यात व्हेटशी बोललं तर कुत्रा तुमच्यासोबत येऊ शकतो. तिकीट हातात आल्यावर विचारणाऱ्यांच्या हातून ही संधी गेलेली असते.

तरीही काही कारणं खरीच असतात: घरातलं मोठं आजारपण, आर्थिक ओढाताण, एकट्या वृद्ध मालकाला न झेपणारा दांडगा कुत्रा, किंवा मुळातच न जुळलेली जोडी. लातूर-सोलापूरकडचा कारवानी हे त्याचं उत्तम उदाहरण. लांब पायांचा, नजरेनं शिकार टिपून वाऱ्यासारखा सुटणारा हा कुत्रा देखणा दिसतो म्हणून पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये येतो. तिथे सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं पट्ट्यानं फिरणं एवढंच त्याच्या वाट्याला येतं. मग सोफे फाडले जातात, मांजरांमागे धावताना हातातला पट्टा सुटतो, आणि ‘हा वेडा आहे’ असा शिक्का बसतो. तो वेडा नाही, त्याला धावायला जागा हवी. नागपूरच्या मे महिन्यातला हस्की, दिवसभर एकटा राहून गळा काढणारा बीगल, यांचं दुःखही असंच.

निदान दोन-तीन महिने हाताशी ठेवा

घर सोडायच्या आदल्या आठवड्यात फोन फिरवायला सुरुवात केली, तर जो पहिला ‘हो’ म्हणेल त्याला कुत्रा द्यावा लागतो. म्हणून शक्यता दिसू लागली की कामाला लागा. तेवढा वेळ नसेल, तर कुत्र्याला ओळखीच्या बोर्डिंगमध्ये किंवा मित्राकडे तात्पुरतं ठेवा आणि शोध चालू ठेवा. बोर्डिंगचा खर्च जड वाटेल, पण चुकीच्या घरात गेलेला कुत्रा सोडवून आणणं त्याहून कितीतरी अवघड असतं.

व्हेटकडची कामं

पहिलं काम नसबंदी. ही मी जवळजवळ अट म्हणूनच सांगते. लॅब्रॅडोर, शिह त्झू, पग अशा ब्रीडचा कुत्रा द्यायचाय असं कळलं की पिल्लं काढून विकणारे प्रेमळ कुटुंबाचा आव आणून येतात. कुत्री असेल तर दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते, आणि अशा माणसांच्या हाती पडली तर तिचं उरलेलं आयुष्य पिंजऱ्यात पिल्लं घालण्यात जातं. नसबंदी झालेली आहे हे जाहिरातीत लिहिलं की असे फोन आपोआप बंद होतात.

दुसरं, लसी. रेबीजची आणि पार्व्हो-डिस्टेंपर या आजारांची एकत्रित लस चालू तारखेपर्यंत हवी, जंताचं औषध दिलेलं हवं. पावसाळा नुकताच संपला असेल तर गोचीड-तापासाठी रक्त तपासून घ्या. कुत्रा नुसता सुस्त दिसतो, जेवण कमी करतो, आणि नव्या घरी गेल्यावर त्याला ताप चढतो. मग नवी मंडळी घाबरतात आणि तुम्ही आजारी कुत्रा गळ्यात मारला असं त्यांना वाटतं.

लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा कागद, जुने रिपोर्ट, महापालिकेचा परवाना आणि जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचे कागद असतील तर ते, हे सगळं एका फायलीत लावा. त्यात तुमच्या व्हेटचं नाव आणि नंबरही ठेवा.

त्याची खरी ओळख कागदावर उतरवा

एका शांत संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून बसा आणि कुत्र्याबद्दल जे जे माहीत आहे ते लिहा. मुलांनाही बोलावा, मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं त्यांना बरोबर ठाऊक असतं.

तो काय खातो, किती वाजता खातो. चिकन-भात, ज्वारीची भाकरी, की पाकिटातलं खाणं, आणि कुठलं. दूध पचतं का. शी-शूला कधी जावं लागतं आणि ते तो कसं सांगतो. झोपतो कुठे. कोणते शब्द त्याला समजतात: ‘बस’, ‘थांब’, ‘चल खाली’, ‘नाही हं’. नवं कुटुंब हिंदी किंवा गुजराती बोलणारं असेल, तर हे शब्द त्यांनी सुरुवातीला जसेच्या तसे वापरायला हवेत. कशाला घाबरतो: दिवाळीचे फटाके, ढोल-ताशा, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस. कोण आवडत नाही: दुसरे नर कुत्रे, मांजरी, टोपीवाले, घरात धावणारी लहान मुलं. गाडीत उलटी करतो का. खाताना ताटलीला हात लावलेला चालतो का.

आता सगळ्यात अवघड ओळ. तो कधी कुणाला चावला असेल तर ते लिहा: कुणाला, कोणत्या प्रसंगी, जखम किती झाली, त्यानंतर काय केलं. अनेकांना वाटतं की हे सांगितलं तर कुणी घेणारच नाही. पण न सांगता दिलेला कुत्रा नव्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाला चावला, तर मुलाचं नुकसान होतं आणि त्या कुत्र्याच्या नशिबी साखळी किंवा रस्ता येतो. याउलट ‘जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो, बाकी वेळी लोण्यासारखा मऊ आहे’ हे आधी कळलेलं घर त्याला वेगळ्या खोलीत जेवायला देतं आणि प्रश्न उरत नाही. उघड कारण नसताना, पुन्हा पुन्हा, खोल चावे घेतलेल्या कुत्र्याला मात्र सामान्य कुटुंबात देऊ नये. व्हेट आणि अनुभवी ट्रेनर या दोघांशी बोलून मगच पुढचं ठरवावं.

फोटो दिवसाउजेडी, घरातल्या नेहमीच्या जागी काढा. एक छोटा व्हिडिओही घ्या, त्यात तो चालताना आणि हाक मारल्यावर येताना दिसू दे. हट्टीपणा, भुंकणं, पट्टा ओढणं हे सगळं असणारच. ते आवडणारी माणसंही असतात, तीच तुम्हाला शोधायची आहेत.

घर कुठे शोधायचं

ओळखीच्या वर्तुळापासून सुरुवात करा. तुमचा व्हेट, ट्रेनर, बोर्डिंगवाले, रोज कुत्रा फिरवणारा मुलगा, सकाळी टेकडीवर किंवा मैदानात कुत्री घेऊन येणारी माणसं. ज्यांचा म्हातारा कुत्रा वर्षभरापूर्वी गेला आणि ज्यांना आता पुन्हा कुत्रा हवासा वाटतोय, अशी घरं व्हेटला अचूक माहीत असतात. माझ्या अनुभवात टिकलेली घरं बहुतेक अशाच ओळखीतून मिळाली.

प्राणी-संस्थांकडूनही मदत मिळते, पण अपेक्षा नीट ठेवा. पुण्यातला रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट किंवा मुंबईतली द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज यांचं मुख्य काम जखमी आणि भटक्या प्राण्यांसाठी आहे. ‘आमचा कुत्रा ठेवून घ्या’ म्हणून गेलात तर नकार मिळण्याची तयारी ठेवा. ‘आम्ही त्याला सांभाळतोय, फक्त माहिती पुढे पाठवाल का?’ असं विचारलंत तर अनेक संस्था आणि कार्यकर्ते आनंदानं मदत करतात. दत्तक मेळावे होतात तिथेही चौकशी करा.

समाजमाध्यमांवर टाकताना ‘फुकट’ हा शब्द नको, घरचा पत्ता नको, आणि ‘तातडीनं’ असंही लिहू नका. तुमची निकड दिसली की चुकीची माणसं आधी पोहोचतात.

‘शेतावर मोकळा राहील’

यावर मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्याकडे दर दुसरा माणूस हाच सल्ला देतो. गावाकडे शेत आहे, मामाचं फार्महाऊस आहे, तिथे सोडा, मजेत राहील. काही कुत्र्यांसाठी हे खरं असतं. पण आधी जाऊन पाहा. अनेक शेतघरांवर कुत्रा राखणीसाठी हवा असतो. दिवसभर साखळीला, रात्री मोकळा, जेवण गडी आला तर. गादीवर झोपलेल्या कुत्र्याला हे सोसत नाही.

जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले या उसाच्या आणि बागायती पट्ट्यात बिबट्याचा प्रश्नही आहे. अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा आहारात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. रात्री ओसरीवर बांधलेला कुत्रा तिथे सहज सापडणारं भक्ष्य असतो. शिवाय साप, उंदरांसाठी ठेवलेलं विष, पिकावर मारायची कीटकनाशकं. म्हणून शेतावर द्यायचंच असेल तर चार गोष्टी विचारा: रात्री तो बंद जागेत झोपेल का, कुंपण आहे का, तिथे कायम राहणारं कुटुंब आहे का, आणि जवळचा गुरांचा डॉक्टर किती अंतरावर आहे.

माणसं पारखताना

पहिल्या फोनवर बरंच कळतं. समोरच्याचे पहिले तीन प्रश्न ‘मेल आहे का? पेपर आहेत का? क्रॉसिंग झालंय का?’ असे असतील तर त्याला पिल्लं काढायला कुत्रा हवाय असं समजा आणि नम्रपणे नाही म्हणा. ‘आजच घेऊन जातो’ म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून हवा असेल तर तर नक्कीच नाही.

ज्याला खरंच कुत्रा हवा असतो तो त्याच्याबद्दल विचारतो: एकटा राहतो का, आमच्या आजींना धक्का देईल का, मांजरीशी जुळेल का. अशा माणसाला तुम्हीही मोकळेपणानं विचारा. घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवाय का? दिवसा घरी कोण असतं? मुसळधार पावसात त्याला खाली कोण नेईल? आधी कुत्रा होता का, आणि त्याचं काय झालं? भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी आहे का? ती लेखी असलेली बरी, कारण ‘मालक काही बोलत नाहीत’ हे वाक्य मालकाचा फोन येईपर्यंतच टिकतं. खर्चाचंही बोला. मोठ्या कुत्र्याचं खाणं, लसी, अचानक येणारं आजारपण हे दरमहा झेपणार आहे का?

शाकाहारी घराचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. विचारा. चिकन-भातावर वाढलेला कुत्रा ज्या घरात मांस-अंडं चालत नाही तिथे गेला, तर त्याच्या पोटाचं काय करायचं हे आधी ठरलेलं हवं. पाकिटातलं खाणं चालणार असेल तर प्रश्न मिटतो.

मग घर बघायला जा. हे टाळू नका, ते कितीही भले वाटले तरी. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी आहे का, फाटक आपोआप बंद होतं का, कुत्र्याची जागा घरात ठरलीये की पार्किंगमध्ये, हे डोळ्यांनी बघायचं असतं. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईंशी दोन शब्द बोला. कुत्रा घरात आल्यावर दिवसभर त्याच्याशी खरा संबंध बहुधा त्यांचाच येणार असतो, आणि त्या ‘मुलांची हौस’ असं म्हणून गप्प बसल्या तर ते गांभीर्यानं घ्या.

भेटीगाठी

पहिली भेट कुणाच्याच घरी नको. बागेत किंवा मोकळ्या रस्त्यावर भेटा आणि सगळे मिळून चाला. दहा मिनिटांनी पट्टा नव्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही मागे राहा. त्यांचा आधीचा कुत्रा असेल तर दोघांना लगेच समोरासमोर आणू नका, अंतर ठेवून एकाच दिशेनं चालू द्या.

दुसरी भेट त्यांच्या घरी, तुम्ही सोबत असताना. तिसऱ्या वेळी काही तास तुमच्याशिवाय. मग दोन-तीन आठवड्यांची चाचणी, ‘जमलं नाही तर आम्ही परत नेऊ’ हे स्पष्ट बोलून. शहर वेगळं असेल तर एवढ्या भेटी शक्य होत नाहीत. तेव्हा व्हिडिओ कॉलवर घर बघा, त्या शहरातल्या एखाद्या कार्यकर्त्याला घर पाहून यायला सांगा, आणि कुत्र्याला पोहोचवायला स्वतः जा. त्याला अनोळखी ड्रायव्हरच्या हाती देऊ नका.

लेखी करार

साध्या कागदावर, दोन प्रती, दोघांच्या सह्या. त्यात कुत्र्याचं वर्णन, फोटो, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक, दोन्हीकडचे पत्ते आणि ओळखपत्राच्या प्रती असू द्या. पुढची कलमं मी नेहमी घालते: त्याला विकायचं नाही, पिल्लांसाठी वापरायचं नाही, कायम साखळीला बांधायचं नाही, आणि पुढे काही कारणानं ठेवता आलं नाही तर तिसऱ्या कुणाला देण्याआधी आम्हाला कळवायचं. हे शेवटचं कलम सगळ्यात मोलाचं. त्यानंतर महापालिकेचा परवाना, चिपची नोंद आणि केनेल क्लबचे कागद नव्या नावावर करून घ्या. कुत्रा हरवला तर फोन योग्य माणसाला जायला हवा.

सोपवण्याचा दिवस

गणपती आणि दिवाळीचे दिवस सोडून द्या. आवाजानं बिथरलेला कुत्रा नव्या, अनोळखी घरातून पळाला तर त्याला परतीची वाटही माहीत नसते. सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी न्या, म्हणजे पुढचे दोन दिवस घरात माणसं असतील. त्याची न धुतलेली चादर, ताटली, आवडतं खेळणं आणि निदान आठ-दहा दिवसांचं नेहमीचं खाणं सोबत द्या. खाणं बदलायचं असेल तर हळूहळू मिसळत बदलावं, नाहीतर पोट बिघडतं आणि नवी मंडळी हवालदिल होतात.

निघताना मिठ्या मारून रडारड करू नका. तुमची घालमेल त्याला कळते आणि तोही अस्वस्थ होतो. रडायचं ते घरी येऊन रडा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलांना मात्र खरं सांगा. ‘टॉमी फिरायला गेलाय, येईल’ असं सांगितलं तर मूल रोज दाराशी वाट बघतं.

नव्या घराला बजावून सांगा की पहिले पंधरा दिवस हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही, घराबाहेर क्षणभरही मोकळं सोडायचं नाही, आणि दार उघडताना कुत्रा कुठे आहे ते आधी बघायचं. पळून जाण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. पाहुणे, आंघोळ, नखं कापणं हे सगळं नंतर.

त्यानंतरचे तीन महिने

प्राणी-संस्थांमध्ये एक ढोबळ हिशेब वापरतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस तो बावरलेला असतो, कोपऱ्यात बसतो, कमी खातो. तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं आणि खरा स्वभाव दिसू लागतो, म्हणजे खोड्याही याच सुमारास सुरू होतात. हे घर आपलं, असं वाटायला साधारण तीन महिने लागतात. नव्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवलं तर ‘चौथ्या दिवशीही नीट जेवत नाही’ असा घाबरा फोन आला तरी धीर देता येतो. तो काहीच खात नसेल किंवा पाणीसुद्धा पीत नसेल तर मात्र व्हेटकडे पाठवा.

तुम्ही फोटो मागवा, फोन करा, पण भेटायला लगेच जाऊ नका. पहिल्या महिन्यात तुम्ही गेलात की तो दाराशी येतो, तुमच्या मागे निघू पाहतो, आणि तुमच्या पाठमोऱ्या चालण्यानं त्याची पुन्हा सुरुवातीपासून घालमेल होते. दोन-तीन महिन्यांनी, तो तिथे रुळल्याची खात्री झाली की खुशाल जा.

म्हाताऱ्या कुत्र्याबाबत माझं मत वेगळं आहे. दहा-बारा वर्षांचा, ऐकू-दिसायला कमी झालेला कुत्रा शक्यतो अनोळखी घरात देऊ नये. त्याला आधीपासून ओळखणारं कुणी, भाऊ, मावशी, शेजारी, त्याला ठेवायला तयार असेल तर खर्च तुम्ही उचला. काही घरं हे आनंदानं करतात, फक्त औषधपाण्याच्या खर्चाला भितात.

रस्त्यावर सोडणं

काहीही झालं तरी कुत्रा घाटात, महामार्गावरच्या ढाब्याशी, देवळाच्या आवारात किंवा एखाद्या संस्थेच्या दाराशी रात्री बांधून सोडू नका. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्ता ओलांडता येत नाही, अन्न शोधता येत नाही, आणि त्या भागातली कुत्री त्याला हद्दीत राहू देत नाहीत. कुठल्याही व्हेटला विचारा, अशा कुत्र्यांच्या जखमा त्यांनी शिवलेल्या असतात. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचं ११ वं कलमही हेच सांगतं: वाजवी कारण नसताना प्राण्याला उपासमार किंवा तहानेचा त्रास होईल अशा स्थितीत टाकून देणं हा गुन्हा आहे.

नव्या घराचा ‘जमत नाही’ असा फोन आला तर

बोल लावू नका. काय घडलं ते शांतपणे ऐकून घ्या. भुंकणं, पट्टा ओढणं, घरात शू करणं असं काही असेल तर ट्रेनरची एक भेट ठरवून द्या, शक्य असेल तर तिचा खर्चही उचला. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं. चावा झाला असेल किंवा घरातलं कुणी त्याला मारत असल्याची शंका आली, तर त्याच दिवशी जाऊन घेऊन या. त्यासाठी बोर्डिंगचा किंवा एखाद्या मित्राच्या घराचा पर्याय कुत्रा देण्याआधीच बोलून ठेवा. तुमचा नंबर बदलला किंवा तुम्ही परदेशी गेलात, तर नवा नंबर त्यांना कळवा, आणि भारतातल्या एका विश्वासू माणसाचं नाव करारावर दुसरा संपर्क म्हणून लिहून द्या.